रोज चारच ऑर्डरी का? ऑनलाइन विक्रीतल्या ‘छुप्या कोट्या’चा हिशेब

“अगं, मला यांनी कोटा लावलाय. महिन्याला १२०. त्याच्या वर जाऊच देईनात बघ.”

सोलापूरहून दादाचा फोन होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. टॉवेल-चादरींचा व्यापार त्याच्या वडिलांपासूनचा. चार वर्षांपूर्वी त्याने एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरही दुकान थाटलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे आमच्या घराण्यातली आकड्यांची कुठलीही तक्रार फिरून फिरून माझ्याकडेच येते. आणि दादाकडे पुरावा होता. लाल कापडी बांधणीची वही, रोजच्या ऑर्डरींचा आकडा, पानाच्या तळाशी महिन्याची बेरीज. सहा महिन्यांच्या बेरजा त्याने फोनवर वाचून दाखवल्या: ११८, १२६, १०९, १२२, १३१, ११५.

“नवी डिझाइनं टाकली, फोटो बदलले, भाव दहा रुपयांनी पाडला. आकडा हलतो का बघ की. नळ वरून कुणीतरी धरलाय.”

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा त्याला नळच आठवला यात नवल नाही.

दादा या संशयात एकटा नाही. हा संशय अमेरिकेत फार जुना आहे. १९९५ साली सुरू झालेल्या ई-बे या ऑनलाइन बाजारपेठेवर सुरुवातीच्या काळात सगळा माल लिलावाचा असायचा आणि ज्याचा लिलाव आधी संपणार तो यादीत आधी दिसायचा. क्रम कसा लागला हे कुणालाही कळत होतं. २००८ साली ‘बेस्ट मॅच’ नावाचा क्रम मुख्य झाला. आता कोण वर, कोण खाली हे गणित ठरवू लागलं आणि ते गणित विक्रेत्याला दिसत नव्हतं. तेव्हापासून तिथले विक्रेते ‘थ्रॉटलिंग’ हा शब्द वापरू लागले: चार दिवस धो धो विक्री, मग आठवडाभर शुकशुकाट, जणू कुणी पाळी लावून एकेकाचं दुकान झाकतंय. कंपनीने ते नाकारलं. विक्रेत्यांना पटलं नाही. आपल्याकडे हेच ‘अकाउंट दाबलंय’, ‘रीच कापली’ अशा शब्दांत ऐकू येतं.

यात काही मर्यादा उघड असतात, त्या आधी बाजूला काढू. ई-बे नव्या विक्रेत्याला महिन्याला किती नग आणि किती रकमेचा माल लावता येईल याची हद्द घालतं आणि ती त्याच्या खात्यात लिहिलेली असते. अ‍ॅमेझॉनच्या गोदामात माल ठेवायचा तर जागेची मर्यादा आहे. शिवाय बिघडलेल्या ऑर्डरींचं प्रमाण १ टक्क्याच्या आत, विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या २.५ टक्क्यांच्या आत, उशिरा पाठवलेल्या ४ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. ते ओलांडलं तर खातं अडचणीत येतं. भारत सरकारनेही एकदा खरोखरची मर्यादा घातली होती. २०१६च्या मार्चमध्ये परदेशी गुंतवणुकीच्या नियमांत लिहिलं गेलं की अशा बाजारपेठेच्या एकूण विक्रीपैकी २५ टक्क्यांहून जास्त विक्री एकाच विक्रेत्याची असता कामा नये. २०१८च्या अखेरीस हे नियम बदलून लिहिले गेले. दादाचे टॉवेल अख्ख्या बाजारपेठेच्या चतुर्थांश विक्रीला भिडण्याच्या बेतात नव्हते, त्यामुळे तो मुद्दा आम्ही सोडून दिला.

मग १२० कुठून आले?

दिवाळीच्या सुट्टीत मी सोलापूरला गेले तेव्हा घरातली हाऊझी काढली. १ ते ३० आकड्यांच्या सोंगट्या एका पिशवीत घातल्या. दादाच्या धाकटीला सांगितलं, न बघता एक काढ, आकडा वाच, परत टाक, पिशवी हलव. असं १२० वेळा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या जुन्या पानावर त्या त्या तारखेत रेघा मारत गेले. प्रत्येक सोंगटी म्हणजे एक ऑर्डर. ३० तारखा, १२० ऑर्डरी, सरासरी दिवसाला ४. या खेळात ना कंपनी, ना अल्गोरिदम, ना कुणाचा कुणावर राग. फक्त पिशवी आणि एक कंटाळलेली मुलगी.

शेवटी पान असं दिसत होतं: एका तारखेला ९ ऑर्डरी. एका तारखेला शून्य. दोन तारखांना एकेक. बरोबर चार ऑर्डरी आल्या होत्या त्या तारखा किती? पाच. तीसपैकी पाच. १२ तारखेपासून ओळीने चार दिवस नुसता दुष्काळ, आणि त्याच्या आदल्या दिवशी ७.

दादाने ते पान बराच वेळ पाहिलं. मग वही आणून शेजारी ठेवली. दोन्हींत फरक सांगता येत नव्हता.

नशिबाचा खेळ सारखा वाटला जात नाही, तो गठ्ठ्यागठ्ठ्याने येतो, हे आपल्या मनाला काही केल्या पटत नाही. सरासरी चार म्हटलं की आपल्याला ३, ४, ५, ४, ३ असं काहीतरी अपेक्षित असतं. प्रत्यक्षात सरासरी चार असलेल्या दुकानाला वर्षात सहा-सात दिवस एकही ऑर्डर येणार नाही, नुसत्या योगायोगाने. सरासरी दोनच असेल तर महिन्यातले चारेक दिवस कोरडे जाणार. विक्री जितकी लहान, तितके हे झटके मोठे वाटतात. दिवसाला चारशे ऑर्डरी असलेल्याला नळ बंद झाल्याचा भास होत नाही. चार असलेल्याला दर पंधरवड्याला होतो.

आता महिन्याच्या बेरजा घ्या. दिवसांची उलथापालथ महिन्यात बरीचशी एकमेकांत जिरते. सरासरी १२० असेल तर साधारण दोन तृतीयांश महिने १०९ ते १३१ यांच्या दरम्यान पडतील, आणि वीसपैकी एकोणीस महिने ९८ ते १४२ यांच्या. दादाचे सहाच्या सहा आकडे १०९ ते १३१ मध्ये होते. बाहेरच्या कुणालाही ही छतावर आपटणारी विक्री वाटेल. पण छत आणि सरासरी खालून पाहताना सारखीच दिसतात. सरासरी ही काही अडवणारी गोष्ट नव्हे, तरी तिच्यापासून लांब जाणं अवघडच.

(फोटो बदलला, शीर्षकात दोन शब्द घातले आणि दुसऱ्या दिवशीपासून ऑर्डरी सुरू झाल्या, असं सांगणारे बरेच भेटतात. माणूस शीर्षक कधी बदलतो? सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतरचा आठवडा काहीही न करता त्याहून बरा जाणार असतो. ताप सगळ्यात चढला की आपण नवस बोलतो, आणि मग ताप उतरतो.)

मग खराखुरा कोटा असता तर वहीत कसा दिसला असता? ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे संशयाची परीक्षा घेता येते. समजा कुणी दिवसाला पाचवर कुलूप लावलंय. मग ज्या दिवशी सात किंवा नऊ आले असते, तेही पाचावरच अडतील. वहीत पाचांचा ढीग दिसेल आणि सहा हा आकडा कधीच दिसणार नाही. डोंगराचा वरचा भाग कोयत्याने छाटल्यासारखा. शिवाय विक्रीच्या वेळाही बोलतील: पाचवी ऑर्डर सकाळी अकराला आली तर पुढे दिवसभर शांतता, आणि पाचवी रात्री आली तर त्याआधी कुठेही खंड नाही. महिन्याचा कोटा असेल तर शेवटचे दिवस रिकामे जातील आणि एक तारखेला पुन्हा गर्दी.

दादाच्या वहीत ११ होते, ९ होते, दोनदा ८ होते. एक तारखेला काही खास नव्हतं. माथा छाटलेला नव्हता.

मी विजयी चेहऱ्याने ऑर्डरींच्या वेळांची फाइल उघडली आणि गप्प बसले. गेल्या महिन्याच्या १२० ऑर्डरींपैकी दुपारी तीननंतरच्या फक्त १७ होत्या. टॉवेल घेणारी माणसं रात्री जेवणं उरकून मोबाइल हातात घेतात. संध्याकाळनंतर ओघ वाढायला हवा. इथे तीनला दुकानाचं शटर पडत होतं.

“मी म्हटलं नव्हतं?” दादा म्हणाला.

शटर कुणी पाडत होतं ते शोधायला अर्धा तास लागला. भाच्याने आठ महिन्यांपूर्वी जाहिरात लावली होती. दिवसाला ३०० रुपयांची. एका क्लिकमागे साधारण ६ रुपये जात होते. म्हणजे पन्नास लोकांनी टॉवेलवर बोट ठेवलं की दिवसाची जाहिरात संपली, आणि पन्नास लोक जमायला दुपारचे दोन-अडीच पुरेसे होते. त्यानंतर दादाचा माल यादीत आपल्या मूळ जागी, म्हणजे बराच खाली. कोटा होताच. तो घरातच लावलेला होता. भाचा पुढचे दोन दिवस माझ्या समोर आला नाही.

जाहिरातीत एका क्लिकमागे द्यायची बोली कमी केली, तेवढेच पैसे रात्रीपर्यंत पुरू लागले. पुढच्या महिन्याची बेरीज १३४. दादाचा फोन: “सुटला बघ नळ!” मला सांगावं लागलं की १३४ नुसत्या योगायोगानेही येऊ शकतात, अजून तीन महिने थांब. त्याने फोन ठेवला. संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला नातेवाइकांत फारसं प्रेम मिळत नाही.

इतकं झाल्यावर ‘कोटाबिटा काही नसतो, सगळे मनाचे खेळ’ असं म्हणून लेख संपवता आला असता. पण ते खरं नाही. विक्रेत्यांचा संशय चुकीच्या जागी बोट ठेवतो, इतकंच. विक्री मोजून अडवायची बाजारपेठेला गरज नसते, ते तिच्या तोट्याचंही आहे; दर ऑर्डरीमागे तिला कमिशन मिळतं. तिच्या हातात त्याहून साधी गोष्ट आहे: कुणाचा माल कितव्या जागी दिसेल.

मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी चार-पाच वस्तू मावतात. वरच्या एक-दोन जागा जाहिरातीच्या. ‘कॉटन टॉवेल’ असं शोधणारे लोक दिवसाला ठरावीक. त्यातले किती खाली सरकत तिसाव्या वस्तूपर्यंत येतील, हेही ठरावीकच. म्हणजे तुमची जागा पक्की राहिली की तुमची विक्रीही पक्की राहते. दादाचे आठवड्याचे आकडे पाहा. माल २८,००० वेळा दिसतो, त्यातले ५६० जण तो उघडतात, २८ जण घेतात. शंभरातले दोन उघडणारे, उघडणाऱ्या शंभरातले पाच घेणारे. नवं डिझाइन टाकलं, तर तेही त्याच रांगेत त्याच्याच आसपास उभं राहतं आणि बऱ्याचदा त्याच्याच दुसऱ्या टॉवेलची गिऱ्हाइकं खातं. कोट्यासारखं दिसणारं पण कोटा नसलेलं जे काही आहे, ते हे.

आणि रांगेत वर कोण जातं? ज्याचं आधी विकलं गेलंय तो. ज्याच्यावर चांगले शेरे आहेत तो. ज्याचा माल उद्या पोचेल तो. भिवंडीच्या गोदामात ठेवलेला टॉवेल मुंबईच्या गिऱ्हाइकाला लवकर पोचतो, सोलापुरातून निघालेला उशिरा, आणि पडद्यावर पोचण्याची तारीख लिहिलेली असते. वर असलेला जास्त विकतो, जास्त विकतो म्हणून वर राहतो. नव्या मालाला काही बाजारपेठा सुरुवातीला थोडी उचल देतात. एट्सी नावाची बाजारपेठ तर हे उघड सांगते. विक्रेत्याला वाटतं, पहिले काही दिवस चालू होतं आणि मग दाबलं. खरं तर पहिले दिवस पाहुणचाराचे होते.

ही रांग निष्पक्ष लागते का, हा मोठा प्रश्न, आणि इथे मात्र संशयाला भक्कम आधार आहे. २०२१च्या फेब्रुवारीत रॉयटर्स या वृत्तसंस्थेने अ‍ॅमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे लिहिलं की २०१९च्या सुरुवातीला भारतातल्या त्यांच्या चार लाखांहून जास्त विक्रेत्यांपैकी अवघ्या ३५ जणांकडे जवळपास दोन तृतीयांश विक्री होती, आणि त्यातल्या दोन सर्वांत मोठ्यांत अ‍ॅमेझॉनचाच अप्रत्यक्ष हिस्सा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी दुसरा आरोप केला: कंपनीने आपल्या ब्रँडचा माल शोधात वर यावा म्हणून निकाल फिरवले. कंपनीने हे फेटाळलं. भारतीय स्पर्धा आयोगाने दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून जानेवारी २०२०मध्येच अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली होती. ती मध्येच कोर्टात अडकली, पुन्हा सुरू झाली, आणि २०२४मध्ये तपासाचा निष्कर्ष बाहेर आला की निवडक विक्रेत्यांना झुकतं माप दिलं गेलं. दोन्ही कंपन्यांना ते मान्य नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१मध्ये अ‍ॅमेझॉनला १ अब्ज युरोहून जास्त दंड ठोठावला, कारण त्यांचंच गोदाम आणि त्यांचीच पोच-सेवा घेणाऱ्या विक्रेत्यांना जास्त फायदे मिळत होते. अमेरिकेत सप्टेंबर २०२३मध्ये सरकारच्या व्यापार आयोगाने १७ राज्यांना सोबत घेऊन खटला भरला. त्यातला एक आरोप असा, की दुसऱ्या संकेतस्थळावर स्वस्त विकणाऱ्याचा माल अ‍ॅमेझॉन आपल्या शोधात खाली गाडतं. तोही कंपनीने नाकारला आहे.

या सगळ्यात ‘तुला १२०च’ असं कुठेही नाही. आहे ते उताराचं काम. पाणी अडवायचं नाही, जमीनच थोडी तिरकी करायची. त्याचा माग एकट्या दुकानदाराच्या वहीत लागत नाही, कारण तुलना शेजारच्या विक्रेत्याशी करायची असते आणि शेजाऱ्याची वही आपल्याला मिळत नाही. चौकशी करणाऱ्यांना ती मागवून घेता येते, म्हणून त्यांना दिसलं.

विक्रेत्याने काय विचारावं, हे कायद्यात थोडंफार लिहिलेलं आहे. जुलै २०२० पासून लागू असलेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल किंवा विक्रेते कोणत्या क्रमाने दाखवायचे हे ज्या मुख्य निकषांवर ठरतं, ते निकष आणि त्यांचं एकमेकांच्या तुलनेतलं महत्त्व बाजारपेठेने साध्या, समजेल अशा भाषेत, सगळ्यांना सहज सापडेल असं मांडायला हवं. एकाच प्रकारच्या विक्रेत्यांत वेगवेगळी वागणूक देत असतील तर तेही सांगायला हवं. युरोपात त्याच महिन्यात लागू झालेला नियम थेट विक्रेत्यांसाठी केलेला आहे; तिथे माल रोखला किंवा खातं बंद केलं तर कारण लेखी द्यावं लागतं. आपला नियम ग्राहकाच्या कायद्यातून आलाय, विक्रेत्याला त्याचा आडून फायदा. आणि ‘प्रासंगिकता, लोकप्रियता, किंमत इत्यादी’ एवढं लिहून नियम पाळल्याचं दाखवता येतं, हे माझं मत. त्या ‘इत्यादी’त बरंच काही राहतं.

दादाला मी वहीत दोन रकाने वाढवायला लावले. रोज नाही, दर सोमवारी: किती वेळा दिसलं, कितींनी उघडलं, आणि तिसरा त्याचा जुना, कितींनी घेतलं. विक्री पडली की आधी पहिला रकाना बघायचा. दिसणंच घटलं असेल तर रांगेत खाली सरकलोय किंवा शोधणारेच कमी झालेत. दिसणं तेवढंच पण उघडणारे कमी, तर फोटो, भाव नाहीतर पोचायची तारीख. उघडणारे तेवढेच पण घेणारे कमी, तर आतल्या शेऱ्यांत कुणीतरी ‘पहिल्या धुण्यात रंग गेला’ असं लिहून ठेवलेलं असतं. आणि पहिले दोन रकाने जिथल्या तिथे असतील, शेरेही ठीक असतील, फक्त एखाद्या आठवड्यात २८च्या जागी १९ आले असतील, तर गप्प बसून सोंगट्या आठवायच्या. ही शेवटची सूचना त्याला सगळ्यात जड गेली.

रोज स्वतःचाच माल शोधून बघणंही त्याने आता बंद केलंय. आपल्या मोबाइलवर, आपल्या पिन कोडला, आपल्या जुन्या शोधांवरून जे दिसतं ते गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि न घेता शंभरदा उघडलं की उघडणाऱ्यांचा आकडा आपणच बिघडवतो.

डिसेंबरात त्याने विक्रेता मदत विभागाला नियमाचा हवाला देऊन लेखी विचारलं: क्रम ठरवायचे निकष आणि त्यांचं महत्त्व कुठे जाहीर केलंय ते सांगा. अकरा दिवसांनी उत्तर आलं, ‘आपला प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.’ दादाने त्याची प्रत काढून वहीत चिकटवली, खाली तारीख घातली आणि शेजारी पेन्सिलने लिहिलं: दिसलं २७,४००, उघडलं ५५१, घेतलं ३१.